वर काय दिसलं?

मी एक जुनी दुर्बीण आहे. दुर्बिणीला दोन डोळे असतात हे तुम्हाला ठाऊकच आहे मित्रांनो, पण माझा उजवा डोळा पंधरा वर्षांपूर्वी गेला. त्यामुळे मला कोणी हातात घेतलंच, तर आधी उलटसुलट करून बघतं, नाक मुरडतं आणि परत ठेवून देतं. मुरडू देत! माझ्या एका डोळ्यानं जेवढं पाहिलंय, तेवढं त्यांच्या दोन डोळ्यांनी सात जन्मांत पाहून व्हायचं नाही.

माझा जन्म डोंगरातल्या एका लहानशा गावी झाला. त्या गावात घरटी एक तरी माणूस काचा घासायचा. मला घडवणारा म्हातारा ठार बहिरा होता, आणि बहिरा असल्यामुळे की काय कोण जाणे, त्याची नजर मात्र भलती तिखट होती. माझी शेवटची काच बसवल्यावर त्यानं मला खिडकीशी नेलं आणि समोरच्या उतारावर रोखलं. तिथं एक तपकिरी गाय रवंथ करत बसली होती. म्हणजे या जगात मी पहिल्यांदा काय पाहिलं, तर गाय. तिच्या पापणीवरची माशीसुद्धा मला स्वच्छ दिसली. म्हाताऱ्यानं समाधानानं मान डोलावली, मला कातडी पेटीत घातलं आणि माझे डोंगर सुटले ते सुटलेच.

पेटी उघडली ती बोलोन्या शहरात, आदेल्मो नावाच्या पेपरवाल्याच्या हातात. उंच असिनेल्ली मनोरा आणि त्याच्या शेजारचा ठेंगू, कललेला मनोरा यांच्यासमोर, रस्त्याकडेच्या कमानींखाली त्याची टपरी होती. वर्तमानपत्रं, नकाशे, शहराची रंगीत कार्डं, काड्यापेट्या असं सगळं तिथं मिळायचं. आदेल्मो स्वतः चौथी शिकलेला. पण त्याच्या एकुलत्या एक मुलीनं, मोरेनानं, त्याच आठवड्यात विद्यापीठात नाव घातलं होतं. त्याच्या खानदानात विद्यापीठाची पायरी चढणारी ती पहिलीच. टपरीवर येईल त्याला तो ही बातमी ऐकवायचा, न विचारता. समोरच्या कॉफीच्या दुकानातला लोरिस तर वैतागून म्हणायचा, "अहो आदेल्मोकाका, पेपर द्या नुसता! बातम्या आम्ही वाचू."

आदेल्मोनं मला घेतलं ते एका खास दिवसासाठी. आता इथं तुम्हाला बोलोन्याची एक समजूत सांगायला हवी. असिनेल्ली मनोरा चारशे अठ्ठ्याण्णव पायऱ्यांचा आहे, आणि पदवी मिळण्याआधी जो विद्यार्थी तो चढेल, त्याला पदवी कधीच मिळत नाही, असं इथं मानतात. हसू नका! मोठमोठे प्राध्यापकही विद्यार्थी असताना मनोऱ्याला वळसा घालून गेलेत. जगभरचे प्रवासी येतात, धापा टाकत वर जातात, लाल कौलांचं शहर डोळे भरून बघतात. आणि त्याच शहरातली पोरं खाली उभी राहून माना वर करून बघत राहतात. मोरेनाला तर आदेल्मोनं लहानपणापासूनच वर पाठवलं नव्हतं. उगाच कशाला विषाची परीक्षा, असा त्याचा हिशेब.

तर बेत असा ठरला होता. मोरेनाला पदवी मिळाली की त्याच दिवशी बापलेक मनोऱ्यावर जाणार. सान व्हिताले रस्त्यावरच्या त्यांच्या घराला गच्ची आहे. आई, म्हणजे आर्जिया, त्या गच्चीवरून रविवारचा पांढराशुभ्र टेबलक्लॉथ हलवणार. आणि मोरेना माझ्यातून तो बघणार.

पण आदेल्मोला धीर कुठला! एवढ्या लांबून गच्ची दिसेल की नाही, या चिंतेनं त्याला झोप येईना. म्हणून एका सोमवारी लेक कॉलेजात गेल्यावर आर्जियाला गच्चीवर पाठवून तो मला गळ्यात अडकवून एकटाच चढला. वर पोचेपर्यंत त्याच्या छातीचा भाता झाला होता. डावीकडच्या कोपऱ्यात, लोखंडी जाळीशी उभं राहून त्यानं मला डोळ्यांना लावलं. आधी नुसती कौलं दिसली, मग धुराडी, मग एक हिरवी पाण्याची टाकी. आणि टाकीच्या शेजारी आर्जिया! दोन्ही हातांनी ती टेबलक्लॉथ हलवत होती. वाऱ्यानं तो तिच्या तोंडावर येत होता, ती तो बाजूला सारून पुन्हा हलवत होती. आदेल्मो हसायला लागला. हसता हसता माझ्या काचा ओल्या झाल्या तेव्हा मला कळलं, की हे नुसतं हसू नाही.

खाली आल्यावर तो लेकीला एवढंच म्हणाला, "दिसतं. सगळं दिसतं. पण मी काही सांगणार नाही. तू ये आणि बघ."

आर्जियानं तो टेबलक्लॉथ धुतला, इस्त्री केली आणि खणात ठेवून दिला. "आता हा त्या दिवशीच निघेल," असं म्हणाली. रविवारी टॉर्तेलिनीच्या, म्हणजे इवल्याशा खिमा-करंज्यांच्या, सुपाला दुसरा, निळ्या काठाचा टेबलक्लॉथ अंथरला जाऊ लागला.

मित्रांनो, तो दिवस चार वर्षांवर होता. चार वर्षं म्हणजे दुर्बिणीला काहीच नाही. पण मोरेनाच्या दोन परीक्षा आणि प्रबंध उरला असताना आदेल्मो टपरीतच कोसळला. अर्धं अंग गेलं. वाचा गेली. मोरेना पुस्तकं मिटून टपरीत उभी राहिली. "बाबा बरे झाले की देईन परीक्षा," असं ती सगळ्यांना सांगायची. बाबा बरे झाले नाहीत. चार वर्षं खुर्चीत बसून ते मनोऱ्याकडे बघत राहिले आणि एका फेब्रुवारीत गेले.

त्यानंतर मी टपरीच्या खिळ्याला लटकले. मोरेनानं मला विकलं नाही. प्रवाशांना मी फुकट मिळायचे. मात्र एक अट होती: खाली आल्यावर वर काय दिसलं ते तिला सांगायचं.

आणि मग सुरू झाले माझे वैभवाचे दिवस! रोज आठ-दहा वेळा मी तो मनोरा चढायचे. किती गळे, किती हात, किती देशांचे डोळे! बर्फाळ हवेच्या स्वच्छ सकाळी कधीकधी उत्तरेला माझे डोंगर पुसटसे दिसायचे, तेव्हा वाटायचं, आता हलूच नये इथून. पण प्रवाशांना भूक लागलेली असायची. ते भराभरा उतरायचे आणि मोरेनाच्या तावडीत सापडायचे.

"काय दिसलं?"

"छान होतं."

"छान म्हणजे काय? छान मलाही म्हणता येतं. दिसलं काय?"

मग ते बिचारे आठवायला लागायचे. कोणी म्हणायचं, सगळं लाल होतं. कोणाला एका छपरावर बागच्या बाग दिसलेली असायची. एका पोलिश नवरीनं कबुतरं मोजली होती. मोरेना सगळ्यांना बजावून पाठवायची, "डावीकडच्या कोपऱ्यात जा. हिरवी टाकी शोधा. शेजारी गच्ची आहे, तिथं एक बाई कपडे वाळत घालत असेल. ती माझी आई." आर्जियालाही हे ठाऊक होतं. ती कपडे वाळत घालताना मनोऱ्याकडे बघून ओलं फडकं हलवायची, ओळखीचं ना पाळखीचं, तरी हलवायची. फडकंच हं! टेबलक्लॉथ नाही.

एकदा नेपल्सचा एक आठ वर्षांचा मुलगा खाली आला तो गाल फुगवून.

"तुझी आई वाईट आहे," तो मोरेनाला म्हणाला.

"का रे बाबा?"

"मी तिला जीभ दाखवली, तर तिनं झाडू उगारला!"

मोरेना इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. हसून झाल्यावर मात्र ती बराच वेळ माझा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली. "पोराला जीभ दाखवायला मिळाली," ती लोरिसला म्हणाली, "आणि मला साधं बघायलाही मिळू नये."

"मग जा की वर!" लोरिस म्हणाला. "तू काय आता विद्यार्थिनी आहेस? पंचेचाळीसची घोडी झालीस."

"परीक्षा राहिल्यात माझ्या."

"वीस वर्षं राहिल्यात."

"राहिल्यात म्हणजे राहिल्यात. संपल्या कुठं?"

खरं सांगू? मला तिचा रागच यायचा. जिच्यासाठी मला घेतलं, तिच्या डोळ्यांना सोडून मी साऱ्या जगाच्या डोळ्यांना लागले. टपरीत ती मला पुसायची, काचांवर फुंकर मारायची. पण कधी चुकूनही माझ्यातून बघायची नाही. "पहिल्यांदा बघेन ते वरूनच," असा हट्ट.

माझा उजवा डोळा गेला तो जिन्यावर. एका प्रवाशाला एका हातात कॅमेरा आणि दुसऱ्या हातात मी असं दोन्ही सांभाळता आलं नाही. त्यानं कॅमेरा सांभाळला. मी अकरा पायऱ्या गडगडत गेले. त्यानंतर हळूहळू मला कोणी मागेना. मग सगळ्यांच्या खिशात फोन आले. फोनातच लांबचं जवळ दिसतं म्हणे. शिवाय आपलंच तोंड पुढे धरून मागे शहर घ्यायचं असेल, तर दुर्बीण काय कामाची? लोरिस म्हणाला, "फेकून दे ते धूड." मोरेनानं त्याच्या अंगावर ओला स्पंज फेकला. मी खिळ्याला राहिले. माझ्यावर धूळ बसली, पट्टा कडक झाला, एका कोळ्यानं माझ्या फुटक्या डोळ्यात संसार थाटला. वर काय दिसलं हे आता मोरेनाला कोणी सांगेना, आणि तिनंही विचारायचं सोडलं.

असंच सगळं संपलं असतं. पण चौऱ्याऐंशीव्या वर्षी आर्जिया न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून घरी आणल्यावर मोरेना तिची चादर बदलत होती, तेव्हा म्हातारी म्हणाली, "तो टेबलक्लॉथ आहे ना खणात, तो माझ्यावर पांघरायची वेळ आणू नकोस."

"काहीतरीच काय बोलतेस आई!"

"काहीतरी नाही. मी अडतीस वर्षं कापड सांभाळलंय. तू एक पदवी सांभाळायची होतीस."

पुढच्याच सोमवारी मोरेना विद्यापीठात गेली. सत्तावन्न वर्षांची बाई, चष्मा कपाळावर, पिशवीत कोबी. नाव पुन्हा घातलं. दोन परीक्षा दिल्या, नातवंडं शोभतील अशा पोरांच्या रांगेत बसून दिल्या. प्रबंधाला विषय कोणता घेतला असेल? मनोऱ्यावरून शहर बघून गेलेल्या जुन्या प्रवाशांची पत्रं! आर्जियाही हट्टानं उठली. आधी काठी, मग जिना, मग गच्ची. मला कोळ्यापासून सोडवून मोरेनानं घरी आणलं, पट्ट्याला तेल चोळलं. मला इतका आनंद झाला होता म्हणून सांगू!

दोन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. प्रबंध लिहून झाला होता, आणि त्यावरची तोंडी परीक्षा मार्चमध्ये होती. एका दुपारी लोरिस अंगावरच्या अॅप्रनसकट धावत टपरीत आला. आता त्याचेही केस पिकले होते.

"मोरेना, ऊठ! आत्ताच्या आत्ता वर जा!"

"का, आग लागली?"

"शेजारचा ठेंगू मनोरा जास्तच कलतोय. माझा मेव्हणा नगरपालिकेत आहे. म्हणतो, उद्यापासून सगळा भाग बंद. आपला मनोरासुद्धा. किती वर्षं, देव जाणे."

मोरेनानं आईला फोन लावला. पलीकडून आर्जियाचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. "मी निघाले गच्चीवर," ती म्हणाली. "कापड काढलंय. तू चढ."

लोरिसनं टपरी सांभाळली. मोरेनानं मला गळ्यात घातलं आणि रस्ता ओलांडला. तिचं काळीज इतकं धडधडत होतं की मी तिच्या छातीवर उडत होते. दारातून ती आत गेली. समोर लाकडी जिना होता. हजार वेळा चढलेला जिना मित्रांनो, पण तिच्याबरोबर पहिल्यांदाच! तिनं पहिल्या पायरीवर उजवा पाय ठेवला.

आणि थांबली.

मागून दोन जर्मन बाया "माफ करा" म्हणत तिला वळसा घालून वर गेल्या. मोरेना कठड्याला धरून उभीच. "पाच महिने," ती पुटपुटली. "बाबा, पाचच महिने राहिलेत हो. आता कसं मोडू?" मी ओरडले असते, पण मला आवाज नाही. चढ बाई, चढ! तुझी म्हातारी आई वाऱ्यात उभी आहे! पदवीचं बघू नंतर! पण माझं कोण ऐकतंय. तिनं पायरीवरचा पाय हळूच मागे घेतला, अगदी कोणाला लागू नये अशा बेतानं, आणि बाहेर आली.

लोरिसनं कपाळावर हात मारला. मग पेपरांचे गठ्ठे उगाचच पुन्हा रचू लागला.

संध्याकाळी घरी आर्जिया टेबलक्लॉथ मांडीवर घेऊन बसली होती. तासभर ती तो हलवत राहिली होती. खांद्यातून हात वर होत नव्हता. "दिसलं का गं?" तिनं विचारलं. मोरेनानं मान हलवून नाही म्हटलं. म्हातारीनं लेकीकडे बघितलं, मग कापडाची घडी घालायला घेतली. "बापासारखीच आहेस," एवढंच म्हणाली. "सगळं रीतसर पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मनोऱ्याभोवती कठडे उभे राहिले आणि दाराला कुलूप लागलं.

मार्चमध्ये मोरेनाला पदवी मिळाली. मी तिच्या पिशवीत होते, त्यामुळे सगळं ऐकलं. वर गेल्यावर नेमकं काय दिसतं, असं मुख्य परीक्षकांनी विचारलं. मोरेना पंधरा मिनिटं बोलली. धुराडी, छपरावरची बाग, पोलिश नवरीची कबुतरं, डावीकडचा कोपरा, हिरवी टाकी. परीक्षक म्हणाले, "वा! शेवटचं कधी गेला होतात वर?"

"कधीच नाही," मोरेना म्हणाली.

आधी सगळे हसले. मग कोणीच हसेना.

बाहेर लोरिसनं तिच्या डोक्यावर तमालपत्रांचा मुकुट घातला, इथल्या रिवाजाप्रमाणे. चौकातल्या दुकानदारांनी तिला मध्ये उभं करून पदवीधरांसाठीचं ते अचकटविचकट गाणं बेसूर म्हटलं. ती लाजली, हसली. एकदा मान वर करून मनोऱ्याकडे बघितलं. मग मुकुटासकट घरी आली.

आर्जिया तिची गच्चीवर वाट बघत होती. काळा झगा, कानात लग्नातल्या कुड्या, काखेत टेबलक्लॉथ.

"आई, अगं मनोरा बंद आहे."

"मला माहीत आहे. दुर्बीण काढ."

"कशाला?"

"मी सांगते म्हणून. तुझे बाबा डावीकडच्या कोपऱ्यात उभे होते. बघ तिकडे."

आणि मित्रांनो, चाळीसेक वर्षांत पहिल्यांदा मोरेनानं मला डोळ्यांना लावलं. तिला मला जरा सरकवून धरावं लागलं, कारण तिचा चांगला डोळा उजवा आणि माझा डावा. मनोरा झरकन जवळ आला. विटा, चौकोनी भोकं, अगदी वरची जाळी. डावीकडचा कोपरा. तिथं कोणी नव्हतं. मी दुर्बीण आहे, मला नसलेलं दाखवता येत नाही. नुसतं आभाळ होतं.

आर्जियानं काठी भिंतीला टेकवली. टेबलक्लॉथ झटकून उलगडला आणि दोन्ही हातांनी हलवायला लागली. वाऱ्यानं तो तिच्या तोंडावर येत होता, ती बाजूला सारून पुन्हा हलवत होती. अगदी त्या सोमवारसारखी.

"दिसला का?" तिनं विचारलं.

"कोण?"

"कोण म्हणजे? तुझा बाप!"

मोरेनानं मला डोळ्यावरून हलवलं नाही. माझी काच ओली झाली.

"दिसला," ती म्हणाली.

"काय करतोय?"

"हसतोय."

"मग हात हलव की! बघत काय बसलीस!"

मोरेनानं हात वर केला आणि हलवला. जोरजोरात हलवला. डोक्यावरचा मुकुट खाली पडला, तरी हलवतच राहिली.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू घरात असेल तर तिला अधूनमधून पुसा, एवढं मागून मी थांबले असते. पण माझं मागणं वेगळं आहे. तुमच्यासाठी कोणी इस्त्री केलेलं कापड काखेत धरून उभं असेल, तर पहिल्या पायरीवर थांबू नका. चढा. काय व्हायचं ते वर गेल्यावर होऊ दे. मी जे पाहिलं ते मोरेनाला दाखवायचं राहून गेलं, ही माझ्या दोन्ही डोळ्यांची खंत आहे, फुटक्याचीसुद्धा.

मनोरा अजून बंद आहे. मी गच्चीच्या दाराशी खिळ्याला असते. येणाराजाणारा विचारतो, कधी उघडणार म्हणून. कोणी म्हणतं पाच वर्षं, कोणी म्हणतं दहा. आर्जिया आता नव्वदीला टेकली आहे. त्या दिवसानंतर तिनं टेबलक्लॉथ धुतला, इस्त्री केली आणि पुन्हा खणात ठेवला.